रजिस्टरला इस्त्री

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, विषय पत्रिकेवर छापलाय: ग्रामीण दवाखान्यांतल्या संगणकीय नोंदी आणि त्यांचं अनुदान. पण सांगलीत उभं राहायचं आणि पुराचं नाव काढायचं नाही, हे मला जमणार नाही.

2019 चा ऑगस्ट. कृष्णाकाठच्या आमच्या आरोग्य उपकेंद्रात छातीएवढं पाणी. ओसरल्यावर गेलो तर सिस्टर चिखलातून रजिस्टरं वेचत होत्या. वीज नव्हती. त्यांनी लाँड्रीवाल्याची कोळशाची इस्त्री आणली, एकेक पान सुटं केलं, वर-खाली वर्तमानपत्र घातलं आणि चार दिवस बसून लसीकरणाचं अख्खं रजिस्टर वाळवलं. बॉलपेननं लिहिलेली बाळांची नावं जशीच्या तशी. शाईच्या पेनानं केलेल्या माझ्या सह्या तेवढ्या वाहून गेल्या, त्यामुळं त्या वर्षीचं ऑडिट फार सुखाचं झालं.

आणि संगणक? होता की! आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये आलेला. आपल्याकडं द्राक्षं आणि अनुदान एकाच हंगामात उतरतात. 31 तारखेच्या आत खरेदी, मग पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, की झालं गाव डिजिटल. यूपीएसची बॅटरी गेली ती पहिल्याच पावसाळ्यात. पासवर्ड ठाऊक होता ऑपरेटरला, आणि त्याचं कंत्राट संपलेलं. सिस्टर त्यावर रोज फडकं मारायच्या, तेवढाच त्याचा वापर. तो पुरात गेला आणि पंचनाम्यात लागलं 'चालू स्थितीत'. कुणी रेकॉर्डिंग करत असाल तर एवढं गाळा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुद्द्यावर येतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं. पाच वर्षांसाठी 1,600 कोटी. पेशंटच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा 14 अंकी आभा क्रमांक त्यातलाच. 1 जानेवारी 2023 पासून ठरावीक संख्येच्या वरच्या प्रत्येक नोंदीमागं दवाखान्याला 20 रुपये मिळू लागले. पैसे संगणकाच्या खोक्याला नाहीत, कामाला आहेत, हे मला पटतं. पण 'ठरावीक संख्येच्या वर' म्हटलं की जिथं गर्दी तिथं पैसा. दिवसाला वीस पेशंट बघणाऱ्या गावातल्या डॉक्टरानं काय करायचं?

माझं मागणं साधं आहे. अनुदानात यंत्र कमी आणि माणूस जास्त धरा. नोंद करणाऱ्याचा तीन वर्षांचा पगार आधी बाजूला काढा. आणि संगणक द्याल त्या दिवशी सिस्टरच्या टेबलावरचं एक तरी रजिस्टर कायमचं उचलून न्या. नाहीतर तेच नाव रजिस्टरात, तेच पोर्टलवर, तेच ॲपमध्ये. मग बाळाला टोचायचं कधी?

नोंदीची खरी गरज आहे ती ऊसतोडीला आलेल्या बाईला. घर बीडकडं, टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन वाळव्यात, बाळंतपण कुठल्या तालुक्यात होईल ते कारखान्याचा पट्टा कधी पडतो, म्हणजे हंगाम कधी संपतो, त्यावर. माता-बाल कार्ड रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोपीच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीच्या, वाशाला टांगलेलं. अशा एकीचं आभा काढायला आम्ही बसलो, तर तिनं दिलेला मोबाईल नंबर निघाला टोळीच्या मुकादमाचा. ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो उसाच्या फडात. यावर आम्ही काय तोड काढली ते सांगणार होतो, पण अध्यक्ष उठलेच. चहाला भेटा, सांगतो.