तिवड्याजवळचा बैल आणि कडेचा बैल

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आहे, आणि त्यांच्या शेजारी बसून रेडिओ ऐकणाऱ्या आईवडिलांसाठीही. विषय आहे कोनीय वेग आणि स्पर्शरेषीय चाल. वर्गात यांना ओमेगा आणि व्ही म्हणतात. ‘व्ही बरोबर आर ओमेगा’ (आर म्हणजे वर्तुळाची त्रिज्या) हे सूत्र मुलांना तोंडपाठ असतं, तरीही गणित चुकतं. कारण सूत्रात आकडे घालण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो राहून जातो : फिरणाऱ्या या वस्तूंमध्ये सारखं काय आहे, कोन की अंतर?

हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, येण्याआधी आपल्याकडे ज्वारीची मळणी खळ्यावर व्हायची. घरातल्या आजोबांना विचारा, ते सांगतील. खळ्याच्या मधोमध तिवडा, म्हणजे लाकडी खांब, पुरलेला आणि त्याला एका ओळीत बांधलेल्या बैलांची पात. पात फिरताना ओळ मोडत नाही. तिवड्याजवळच्या बैलाचा फेरा पुरा होतो, त्याच क्षणी कडेच्या बैलाचाही होतो. म्हणजे एका सेकंदात सगळे बैल सारखाच कोन फिरतात. हा झाला कोनीय वेग, अख्ख्या पातीचा एकच.

आता पावलं मोजू. फेऱ्याला 24 सेकंद लागतात असं धरू. तिवड्यापासून एक मीटरवरचा बैल फेऱ्यात सव्वासहा मीटर चालतो, चार मीटरवरचा बैल पंचवीस मीटर. आतला सेकंदाला जेमतेम 26 सेंटिमीटर सरकतो, तर बाहेरचा एक मीटरहून थोडा जास्त. अंतर चौपट, म्हणून चालही चौपट. वयस्क, सावकाश चालणारा बैल तिवड्याला आणि चपळ बैल कडेला बांधायचा, हे शेतकऱ्याला कुणी सूत्रातून शिकवलं नव्हतं.

आता रेडियन. पुस्तकात मुलं इथंच अडखळतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. जवळ दोरी असेल तर घ्याच. तिचं एक टोक खुंटीला बांधा, दुसरं हातात धरून ती ताणा. आता दोरीच्या लांबीइतकंच अंतर वर्तुळावरून चाला. खुंटीपाशी जो कोन झाला, तो एक रेडियन, सुमारे 57 अंश. दोरी लहान असो की मोठी, कोन तोच येतो. पूर्ण फेऱ्यात अशा सव्वासहा दोऱ्या बसतात, नेमकं सांगायचं तर 6.28. मग ओमेगा म्हणजे काय? सेकंदाला किती दोऱ्या चाललो, ते. त्याला दोरीच्या लांबीनं गुणलं की सेकंदाला किती मीटर चाललो ते मिळालं. ‘आर ओमेगा’ एवढंच सांगतो. पण कोन अंशांत घातला तर हे जमत नाही. मिनिटाचे फेरे तसेच घातले तरी नाही. आधी फेऱ्यांना 6.28 नं गुणा, 60 नं भागा.

डोक्यावरचा पंखा घ्या. मिनिटाला 350 फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण 37 रेडियन. पात्याचं टोक मध्यापासून 60 सेंटिमीटरवर. गुणाकार करा : सेकंदाला 22 मीटर, ताशी जवळपास 80 किलोमीटर!

स्पर्शरेषीय हा शब्द दिशेचा आहे. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला माळ्यावरून गोफण फिरवतात. गोफण सुटली की खडा हातापासून थेट बाहेर जातो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. सुटण्याच्या क्षणी खडा वर्तुळावर ज्या दिशेनं चालला होता, त्याच दिशेनं, स्पर्शरेषेवरून निघतो. पुढं गुरुत्वाकर्षण त्याला खाली वळवतं. मीटरभर लांब गोफण सेकंदाला तीनदा फिरली तर खडा ताशी 68 किलोमीटरनं सुटतो. पाखरांचं माहीत नाही, पण माणसानं तरी समोर उभं राहू नये.

आता उलटा प्रसंग, आणि परीक्षेत नेमका हाच फसवतो. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी, पुढची लहान. ती पातीसारखी एका ओळीत जुंपलेली नाहीत. दोन्ही एकाच रस्त्यावरून न घसरता नीट लोळतात. म्हणून रस्ता दोघांनाही सारखाच मोजावा लागतो. इथं सारखी आहे ती चाल. ट्रॅक्टर ताशी 18 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला पाच मीटरनं सरळ चालला आहे. मागच्या चाकाची त्रिज्या 65 सेंटिमीटर, पुढच्याची 35 धरू. पाचला त्रिज्येनं भागा : मागचं चाक सेकंदाला पावणेआठ रेडियन फिरतं, पुढचं चौदाहून जास्त. पिठाच्या गिरणीत पट्ट्यानं जोडलेल्या दोन पुल्यांचं गणितही असंच. पट्टा घसरत नसेल तर दोन्ही पुल्यांच्या कडेची चाल एक, आणि लहान पुली जास्त फेरे घेते.

शेवटी आपली पृथ्वी. ती पातीच्या बाजूची : सगळ्यांचा कोनीय वेग एकच, दिवसाला एक फेरा. मात्र इथं त्रिज्या पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायची नाही, तर अक्षापासूनचं लंब अंतर घ्यायचं. हुशार मुलंही इथं चुकतात. विषुववृत्तावरचा माणूस ताशी सुमारे 1,670 किलोमीटरनं फिरतो, ध्रुवावरचा जागच्या जागी. लातूर छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, म्हणजे विषुववृत्ताच्या जास्त जवळ. त्यामुळे ते अक्षापासून सुमारे 54 किलोमीटर जास्त लांब पडतं. संभाजीनगरकर ताशी अंदाजे 1,570 किलोमीटरनं पूर्वेकडे चालला आहे, आणि लातूरकर त्याच्यापेक्षा साधारण 14 किलोमीटर जास्त वेगानं. परभणी दोघांच्या मधल्या अक्षांशावर आहे. परभणीकरांनी आपला आकडा स्वतः काढावा. अक्षांश सव्वाएकोणीस अंश धरा आणि 1,670 ला त्याच्या कोसाइननं गुणा. नमस्कार.