राजपुत्राच्या गालातला बाण

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय इंग्लंडच्या लाँगबोबद्दल. माणसाच्या उंचीएवढं, कधी त्याहूनही लांब, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य. दिसायला साधं, पण ओढायला महाकठीण. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोज’ हे जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्यातली शंभराहून जास्त धनुष्यं हाती लागली. बहुतेक ओढायला पन्नास किलो किंवा त्याहूनही जास्त जोर लागला असता. धान्याचं भरलेलं पोतं दोन-तीन बोटांनी कानापर्यंत ओढायचं, असं समजा! मालिकांमधले वीर धनुष्य ताणून धरून अर्धा मिनिट संवाद म्हणतात ना, ते मला बघवत नाही. अहो, इतकं जड धनुष्य ताणलं की सोडावंच लागतं.

तेव्हा खरी करामत लाकडाची कमी, खांद्याची जास्त. आणि असा खांदा तयार व्हायला वर्षं लागत. म्हणून इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये फर्मान काढलं: सणावारी धडधाकट पुरुषांनी नेमबाजी करायची, फुटबॉल वगैरे बंद.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. २१ जुलै १४०३, श्रूजबरीची लढाई. इंग्लंडचा राजा चौथ्या हेन्रीविरुद्ध हेन्री पर्सी या सरदाराचं बंड. राजाच्या बाजूने लढत होता त्याचा जेमतेम सोळा वर्षांचा मुलगा, त्याचंही नाव हेन्री. नावांचा हा घोळ सोडून द्या, आपला हेन्री म्हणजे हा मुलगा. या लढाईत दोन्ही बाजूंना लाँगबोवाले होते, इंग्रज इंग्रजांवरच बाण सोडत होते. त्यातला एक या पोराच्या नाकाशेजारी गालात घुसला. सहा इंच आत! काडी ओढून काढली, पण लोखंडी टोक कवटीच्या मागच्या हाडात रुतून राहिलं.

वैद्यांनी काढे दिले, लेप लावले. टोक हललं नाही. मग लंडनचा शल्यवैद्य जॉन ब्रॅडमोर आला. त्याने घाई केली नाही. एल्डर नावाच्या झाडाच्या वाळलेल्या गाभ्याच्या काड्या केल्या, त्यांना कापड गुंडाळलं, गुलाबाच्या मधात भिजवल्या आणि आधी बारीक, मग जाड, मग आणखी जाड अशा जखमेत सारत वाट रुंद केली. जखमेवर मध का, हे आपल्या घरांत सांगायला नको. (मध खरा असला तर, हल्ली बाटलीतलं काय असतं ते देव जाणे.) मग त्याने स्वतःच्या कल्पनेने एक बारीक चिमटा घडवला. आतून पोकळ, मधोमध स्क्रू. बाणाच्या टोकाला काडी बसवायची खोबण असते ना, त्यात चिमटा सरकवला, स्क्रू फिरवला, चिमट्याचे पाय आतून फाकले, खोबण पकडली. मग इकडेतिकडे हलवत, हलवत... टोक बाहेर! भूल नव्हती, हे लक्षात ठेवा. जखम पांढऱ्या वाइनने धुतली, पुढे वीस दिवस मधाचे बोळे घातले. पोरगा जगला. ब्रॅडमोरने हे सगळं स्वतः लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.

तोच पोरगा पाचवा हेन्री. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत चिखलात अडकलेल्या फ्रेंच सरदारांवर त्याच्या लाँगबोवाल्यांनी बाणांचा पाऊस पाडला. त्याच्या सैन्यात बहुसंख्य तेच होते. पुढे १४१७ मध्ये त्याने हुकूम काढला की अनेक परगण्यांतल्या प्रत्येक पाळीव हंसामागे सहा पिसं बाणांसाठी जमा करा.

वेळ संपत आली, त्यामुळे शेवट थोडक्यात. १४५३ मध्ये फ्रान्समधल्या कास्तियाँच्या लढाईत फ्रेंच तोफांनी इंग्रजांना झोडपलं. बंदूक काही आठवड्यांत हाताला बसते, खांदा मात्र वर्षांनी घडतो, हे मघाशी सांगितलंच. १५९५ मध्ये इंग्लंडच्या सरकारने सैनिकांच्या हातातली धनुष्यं काढून बंदुका द्यायला सांगितलं. नमस्कार.