फोर रोझेस: पाच यीस्टची बर्बन

(दृश्य: पिवळ्या भिंती, लाल कौलं, कमानींचा दर्शनी भाग.)

अमेरिकेतलं केंटकी राज्य. लॉरेन्सबर्ग गावाजवळ, सॉल्ट नदीच्या काठी ही इमारत उभी आहे. 1910 साली बांधलेली, स्पॅनिश मिशनऱ्यांच्या जुन्या चर्चवस्त्यांच्या धाटणीची. कॅलिफोर्नियात सहज खपून गेली असती. केंटकीत मात्र ती लांबूनच वेगळी उठून दिसते. ही फोर रोझेस डिस्टिलरी. बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की. इथल्या चार बर्बन आज आपण शेजारी शेजारी ठेवून चाखणार आहोत.

चारही एकाच घरच्या, याला कारण आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या घेतल्या की पाणी वेगळं, भट्टी वेगळी, गोदामही वेगळं. चव बदलली तर ती नेमकी कशामुळे, याचा थांग लागत नाही. इथे बऱ्याच गोष्टी जागच्या जागी राहतात, आणि जे बदलतं ते कंपनी उघडपणे सांगते.

बर्बनचे नियम थोडक्यात. धान्यात निदान 51 टक्के मका हवा. पिंप कोरं, ओकचं आणि आतून जाळलेलं हवं. पिंपात भरताना अल्कोहोल 62.5 टक्क्यांच्या वर नको, बाटलीत 40 च्या खाली नको. कोऱ्या पिंपाच्या या अटीमुळे वापरलेली पिंपं बर्बनवाल्यांना पुन्हा चालत नाहीत. मग ती जगभर जातात. गोव्यात तयार होणारी पॉल जॉन व्हिस्कीसुद्धा मुख्यतः बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते.

(दृश्य: कॉक्स क्रीक. लांबलचक, बुटकी गोदामं.)

डिस्टिलरीपासून तासाभराच्या अंतरावर ही गोदामं आहेत. केंटकीत गोदामं सहसा अनेक मजल्यांची असतात. उन्हाळ्यात वरचा मजला तापतो, तळमजला गार राहतो, आणि एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं काही वर्षांनी दोन तऱ्हेची निघतात. कॉक्स क्रीकची गोदामं एकमजली. पिंपांचे थर सहाच. त्यामुळे वरच्या आणि खालच्या पिंपाच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. चवीतली एक मोठी अनिश्चितता इथेच आटोक्यात येते.

(दृश्य: आंबवणाची लाकडी टाकी. पृष्ठभागावर फुटणारे बुडबुडे.)

आता खरी गोष्ट. बर्बनबद्दल बोलताना लोक लाकडाचं कौतुक करतात, पिंपात किती वर्षं होती ते विचारतात. या टाकीकडे कुणी फारसं बघत नाही. मला वाटतं, फोर रोझेस समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी. दळलेलं धान्य गरम पाण्यात शिजवलं, मॉल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यामुळे, त्यातल्या स्टार्चची साखर झाली, मग त्यात यीस्ट पडलं. हे दाट, पिवळसर मिश्रण बघा. उकळतंय असं वाटतं, पण खाली आच नाही. यीस्ट साखर खातंय, अल्कोहोल बनवतंय, आणि वर येणारा वायू कार्बन डायऑक्साइड आहे. याच वेळी यीस्ट फळाफुलांच्या वासाची द्रव्यंही तयार करतं. गुलाबाला ज्याच्यामुळे सुगंध येतो त्यातलं एक द्रव्य यीस्टही बनवतं. दूध तेच असलं तरी विरजण बदललं की दह्याची चव बदलते, तसंच हे आहे.

फोर रोझेसकडे अशी पाच यीस्ट आहेत. व्ही नाजूक फळांचं, के हलक्या मसाल्याचं, ओ भरदार फळांचं, क्यू फुलांचं, एफ वनौषधींसारखं. धान्याची मिश्रणं दोन. ‘ई’मध्ये 75 टक्के मका, 20 टक्के राय (गव्हासारखं एक धान्य) आणि 5 टक्के मॉल्ट केलेलं बार्ली. ‘बी’मध्ये मका 60 वर उतरतो आणि राय 35 टक्क्यांवर जाते. बर्बनसाठी हे रायचं प्रमाण चांगलंच मोठं आहे. दोन मिश्रणं आणि पाच यीस्ट मिळून दहा पाककृती. प्रत्येकीला चार अक्षरी नाव: ओबीएसव्ही, ओईएसके वगैरे. पहिलं ओ आणि तिसरं एस कायमचं. दुसरं अक्षर धान्याचं, चौथं यीस्टचं.

एवढी यीस्ट आली कुठून? 1943 साली सीग्रॅम या कॅनडाच्या मद्यकंपनीने ही कंपनी घेतली. सीग्रॅमच्या केंटकीत अनेक डिस्टिलऱ्या होत्या आणि यीस्टही निरनिराळी होती. डिस्टिलऱ्या बंद पडत गेल्या, यीस्ट मात्र जपली गेली. याच सीग्रॅमने 1950 च्या दशकाच्या अखेरीस फोर रोझेसची बर्बन अमेरिकेतच विकणं थांबवलं. ती युरोप आणि जपानला जाऊ लागली. घरच्या गिऱ्हाइकाला त्याच नावाखाली हलकी, मिश्र व्हिस्की मिळू लागली. जिथे बनते तिथल्याच माणसांना ती चार दशकं मिळाली नाही, याचं आजही वाईट वाटतं. 2002 मध्ये जपानच्या किरीन कंपनीने डिस्टिलरी घेतली आणि मास्टर डिस्टिलर जिम रटलेज यांनी धरलेला आग्रह फळाला आला. बर्बन मायदेशी परतली.

(दृश्य: टेबलावर चार ग्लास.)

क्रम कमी कडक ते जास्त कडक असाच ठेवायचा, नाहीतर पहिल्या दोन घोटांतच जीभ बधिर होते. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, अल्कोहोल कमी झोंबतं.

पहिली, नुसती ‘बर्बन’. 40 टक्के. नाशपाती, मध, थोडी फुलं. घोट गेला की चव लवकर ओसरते. वाईट अजिबात नाही, पण या टेबलावर ती फिकी पडते.

दुसरी, स्मॉल बॅच. 45 टक्के. दोन्ही धान्यमिश्रणं, यीस्ट ओ आणि के. इथे कॅरॅमल येतं, पिकलेल्या लाल फळांचा गोडवा येतो, मागून हलका तिखटपणा.

तिसरी, सिंगल बॅरल. 50 टक्के, पाककृती एकच: ओबीएसव्ही. एका बाटलीत एकाच पिंपातली बर्बन; लेबलवर गोदामाचा आणि पिंपाचा क्रमांक. आलुबुखार, चेरी, कोको, आणि रायचा झणका.

चौथी, स्मॉल बॅच सिलेक्ट. 52 टक्के, 2019 साली आलेली. सहा पाककृती: दोन्ही मिश्रणं, यीस्ट व्ही, के आणि एफ. थंड करून गाळलेली नाही, म्हणून तोंडात जाड लागते. लवंग, जायफळ, रास्पबेरी, आणि शेवटी पुदिन्यासारखा गारवा.

(दृश्य: ड्रॉपरने पाणी.)

पण कडकपणाचा फरक चवीचा फरक वाटू शकतो. म्हणून 40 टक्क्यांची पहिली सोडून बाकीच्या तिन्ही 45 टक्क्यांवर आणू. सिंगल बॅरलच्या 30 मिलीत साधारण 3 मिली पाणी, सिलेक्टच्या 30 मिलीत जवळपास 5 मिली. आता स्मॉल बॅच आणि सिलेक्ट पुन्हा घ्या. धान्यमिश्रणं दोन्हींत तीच, के यीस्टही दोन्हींत. एकीत ओ आहे, दुसरीत त्याच्या जागी व्ही आणि एफ. झोंबणं गेलं तरी सिलेक्टमधला तो हिरवट गारवा जागेवरच आहे, आणि स्मॉल बॅचमध्ये तो शोधूनही सापडत नाही. मुरण्याचं वय आणि पाककृतींचं प्रमाण दोन्हींत वेगळं असणार, तेव्हा सगळं श्रेय एफला देता येणार नाही. तरी माझा कौल यीस्टकडेच झुकतो.

सिंगल बॅरल मात्र पाण्याने थोडी विस्कटते. रायची धार बोथट होते, चेरी मागे जाते. ती आहे तशीच घ्यावी. दोनच बाटल्या घ्यायच्या असतील तर मी स्मॉल बॅच आणि सिंगल बॅरल सांगेन: एकीत चार पाककृती, दुसरीत एकच. सिलेक्ट चौघींत मला सर्वांत आवडली, पण ती या दोघींनंतर घेतली तर तिच्यात काय चाललंय ते कळतं.