ग्रिल, टाकी आणि मधला दाब

मंडळी, आरव्हीच्या (आत राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीच्या) गॅस टाकीवर छोटी ग्रिल चालवायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, नळी कुठली घेऊ? मी त्यावर उलट विचारतो, ग्रिलला स्वतःचं रेग्युलेटर आहे का? याचं उत्तर माहीत नसेल तर नळी विकत घेऊ नका.

टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतो आणि त्याच्या वाफेचा दाब हवामानानुसार बदलतो. शून्य अंशाला 50 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आसपास, 38 अंशांच्या उन्हात 170 च्या पुढे. एवढा दाब आतल्या शेगडीला, फ्रिजला, हीटरला झेपणारा नाही. म्हणून टाकीजवळचं दोन टप्प्यांचं रेग्युलेटर तो 11 इंच पाण्याच्या दाबावर आणतं, म्हणजे जेमतेम 0.4 पीएसआय. आरव्हीच्या बाहेरच्या अंगाला जो क्विक-कनेक्ट, म्हणजे नळी झटकन लावायचा-काढायचा गॅसचा जोड असतो, तोही याच कमी दाबाच्या लाइनवरचा.

आता छोटी ग्रिल बघा. ती बनलेली असते प्रोपेनच्या एक पौंडाच्या हिरव्या डब्यासाठी. त्या डब्यात दाब टाकीइतकाच, त्यामुळे बटणापाशीच ग्रिलचं स्वतःचं रेग्युलेटर बसवलेलं असतं. ही ग्रिल क्विक-कनेक्टला लावली, की आधीच उतरवलेला दाब पुन्हा एकदा उतरवला जातो. ज्योत मरगळते, मांस भाजायच्या ऐवजी उकडल्यासारखं होतं, आणि माणूस टाकी रिकामी झाली म्हणून नवा गॅस भरायला निघतो!

यातून वाटा दोन. ग्रिल बनवणारी कंपनी कमी दाबाचं किट देत असेल तर रेग्युलेटर काढून ते लावावं. नुसतं रेग्युलेटर काढून भागेलच असं नाही, कारण बर्नरच्या तोंडाशी जे पितळी जेट असतं, त्याचं सुईच्या टोकाएवढं भोक ठरावीक दाबासाठीच पाडलेलं असतं. दुसरी वाट मला जास्त आवडते. टाकी आणि आरव्हीचं रेग्युलेटर यांच्या मध्ये पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड बसवायचा, तिथून उच्च दाबाची नळी काढायची, आणि तिच्या टोकाला डब्यासारखा आटा. ग्रिलला वाटतं डबाच लावलाय. तिचं रेग्युलेटर मात्र जागेवर हवंच. ते काढून थेट टाकीचा दाब दिलात तर समोर शेगडी नसते, भडका असतो. मोटरहोमची, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीची टाकी गाडीलाच पक्की बसवलेली असते. तिथे टी बसवायचं काम गॅसच्या मेकॅनिकवर सोडा.

जोड झाला की साबणाचं पाणी लावा. बुडबुडे फुगले तर गळती. नाकावर विसंबू नका, प्रोपेन हवेपेक्षा जड, तो पायाशी साचतो. टाकीची चावी हळूहळू उघडा. झटक्यात उघडली तर नळी फुटली असं समजून सुरक्षा झडप गॅस अडवते, आणि पुन्हा तीच मरगळलेली ज्योत दिसते. असं झालं तर सगळं बंद करून थोडं थांबायचं, मग सावकाश पुन्हा उघडायचं. ग्रिल मात्र छत्रीखाली किंवा फ्रिजच्या झरोक्याशेजारी मांडू नका.

आवरताना आधी टाकीकडची चावी बंद करा. नळीतला उरलेला गॅस जळू द्या, ज्योत आपोआप विझली की मगच ग्रिलचं बटण बंद करा आणि नळी सोडवा. क्विक-कनेक्टवर रबरी टोपी लावायचा कंटाळा करू नका, आत वाळूचा एक कण गेला तरी पुढच्या वेळी रिंग नीट बसत नाही.