खोक्यांतून आलेले ट्रक

दुसरं महायुद्ध चालू आहे. हे लाकडी खोके उतरतायत इराणच्या खोर्रमशहर बंदरात. आत अमेरिकेतले ट्रक आहेत, सुटे केलेले. जहाजावर जागा कमी पडते म्हणून इंजिन एका खोक्यात, चाकं दुसऱ्यात. इथे आणि थोडं वर, अंदिमेश्कला, जुळणीचे कारखाने उभे राहिले. उन्हाळ्यात इथला पारा ५० अंशांच्या घरात जातो. हातात पाना घेतलेले हे इराणी कामगार बघा. जोडलेला ट्रक इथूनच माल भरून निघायचा, झाग्रोसचे घाट चढत, थेट सोव्हिएत सीमेकडे.

मित्रदेशांना युद्धसाहित्य पुरवण्यासाठी अमेरिकेने लेंड-लीज कायदा केला मार्च १९४१मध्ये. या मदतीशिवाय सोव्हिएत संघ जिंकला असता का, हा वाद आजही मिटलेला नाही. सोव्हिएत नियोजनाचे प्रमुख वोझनेसेन्स्की यांनी १९४८मध्ये आकडा मांडला: मदत आमच्या उत्पादनाच्या फक्त ४ टक्के.

एक गोष्ट मान्यच करायला हवी. डिसेंबर १९४१मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या दारातून मागे रेटल्या गेल्या, तेव्हा हे ट्रक आलेलेच नव्हते. ब्रिटनचे थोडे रणगाडे होते, बाकी जवळपास सगळं सोव्हिएत. स्टालिनग्राडला जर्मन फौजांभोवतीचा वेढाही सोव्हिएत सैन्याने मुख्यतः स्वतःच्याच शस्त्रांवर आवळला.

पण आता हे दृश्य बघा. कात्युशा रॉकेटं सुटतायत. रॉकेटं सोव्हिएत, खालचा ट्रक अमेरिकेचा स्टुडबेकर. असे ट्रक आणि जीप मिळून ४ लाखांच्या आसपास गाड्या आल्या. रेल्वे इंजिनं बनवणारे सोव्हिएत कारखाने रणगाड्यांच्या कामाला लागले होते, तर १,९००हून जास्त इंजिनंही समुद्रापलीकडून आली. ४ टक्क्यांचा हिशेब पैशांतला आहे. चिखलात रुतलेली तोफ बाहेर काढायला चाकं लागतात, आणि ती चाकं त्या आकड्यात दिसत नाहीत.

जून १९४४, बेलारूस. समोरच्या जर्मन सैन्याची बरीचशी रसद अजून घोडागाड्यांवर. सोव्हिएत आघाडीच्या तुकड्यांचं पायदळ, दारूगोळा, इंधन मात्र बरंचसं ट्रकवर. चढाई सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, ३ जुलैला, मिन्स्क मुक्त झालं. लढली आणि मेली ती सोव्हिएत माणसंच. पण इतक्या वेगाने, इतक्या लांबवर त्यांना पोचवलं या गाड्यांनी.

मे १९४५मध्ये युरोपातलं युद्ध संपलं. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली.

अंदिमेश्कचा हा शेवटचा तुकडा. नवा ट्रक फाटकातून बाहेर पडतोय, आणि मागे पुढचा खोका उघडला जातोय.