प्रश्न आपला हवा: आंतरराष्ट्रीय संयुक्त संशोधनाच्या अर्जाविषयी

सभापती महोदय, सहकारी प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी मित्रहो,

परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रकल्प करायचा असेल तर कोणाला लिहावे, हा प्रश्न मला छत्रपती संभाजीनगरमध्ये, नांदेडमध्ये आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातही पुन्हा पुन्हा विचारला जातो. विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न येतो आणि तो बहुधा विचारलाच जात नाही. जे संशोधन आपण करू इच्छितो, त्यात आपल्यावाचून अडेल असे काय आहे? याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल, तर जगातल्या कोणत्याही प्राध्यापकाला लिहिलेले पत्र वाया जाण्याचीच शक्यता अधिक. आज मी प्रामुख्याने याविषयी बोलणार आहे. निधी देणाऱ्या योजनांची माहिती त्याच्या ओघात येईल.

मी भूजलाचा अभ्यासक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाच्या थरांवर आपला मराठवाडा वसलेला आहे, आणि या काळ्या पाषाणात पाणी वाळूच्या थरातल्यासारखे सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत असते, म्हणून शंभर पावलांवरच्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका गटाबरोबर आम्ही पहिला संयुक्त प्रस्ताव तयार केला. हवामानबदल, पावसाचे घटते दिवस, लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने आणावे लागलेले पाणी, हे सगळे त्यात होते आणि ते सगळे खरेही होते. मात्र कामाच्या वाटणीत आमच्याकडे काय होते, तर विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करून तिकडे पाठवणे. प्रस्ताव नामंजूर झाला. एका परीक्षकाने लिहिले होते की भारतीय भागीदाराचे शास्त्रीय योगदान स्पष्ट होत नाही. ते वाक्य वाचून मला प्रथम राग आला, परंतु प्रस्ताव पुन्हा चाळल्यावर ते अचूक असल्याचे मान्य करावे लागले. त्यात आमची जमीन होती, आमचा प्रश्न नव्हता.

प्रश्न सापडला तो एका विहिरीच्या काठावर. आपल्याकडे विहिरीचे पाणी आटले की शेतकरी तळाशी यंत्र उतरवून बाजूच्या खडकात आडवे बोअर घेतो, कधी दोन, कधी पाच-सहा, आणि दिशा बहुधा पाणाड्याच्या सांगण्यावरून किंवा अनुभवावरून ठरते. भूजलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली समीकरणे मात्र विहिरीत पाणी चोहीकडून सारखे येते असे धरून चालतात. आडव्या बोअरने ते गृहीतकच मोडते, आणि शेजारच्या विहिरीचे पाणी कोणाकडे वळते हा वादही तिथूनच सुरू होतो. युरोपातल्या त्या गटाकडे समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून, पाण्याचे वय काढणारी प्रयोगशाळा होती. आमच्याकडे अनेक वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी होत्या, बोअर कोणत्या बाजूला किती फूट गेले हे सांगणारे शेतकरी होते आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारे विद्यार्थी होते. या दोन गोष्टी एकत्र आल्याखेरीज उत्तर मिळणार नव्हते. संयुक्त संशोधनाची माझी व्याख्या हीच आहे. दोघांपैकी एकाला एकट्याने ते करता येत असेल, तर त्याने ते एकट्याने करावे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच भूमीवर उभे राहत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत असून तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असणाऱ्या या वेधशाळेसाठी अणुऊर्जा विभाग, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि अमेरिकेचे नॅशनल सायन्स फाउंडेशन यांच्यात २०१६ मध्ये सामंजस्य करार झाला. उपकरणाचे महत्त्वाचे भाग अमेरिकेकडून, तर जागा, इमारती आणि निर्वात यंत्रणा भारताकडून, अशी ही वाटणी आहे. परंतु जागा म्हणजे केवळ सातबारा नव्हे. भूकंपीय दृष्ट्या शांत, रेल्वे आणि कारखान्यांच्या कंपनांपासून दूर अशी भूमी लागत होती, आणि अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपासून इतक्या अंतरावरचे तिसरे उपकरण लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अधिक नेमके सांगू शकते. आपण तिथे असल्यामुळे सगळ्यांचेच विज्ञान सुधारते. हे परिमाण आपल्यासारख्यांच्या कल्पनेपलीकडचे आहे, पण वीस लाखांच्या प्रस्तावातही वाक्य याच जातीचे लिहावे लागते.

आता पैसा कोठून येतो ते पाहू. परदेशी निधी म्हणताच तिकडून रक्कम आपल्या खात्यात जमा होईल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात विद्यापीठीय संशोधकाला सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या द्विपक्षीय योजनांत प्रत्येक देश आपापल्या संशोधकाचा खर्च उचलतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे जर्मनी, जपान आणि इतर देशांबरोबरचे कार्यक्रम या प्रकारचे आहेत. त्यांतल्या पुष्कळांत रक्कम लहान असते आणि ती मुख्यतः परस्परांच्या भेटींसाठी असते. तिला कमी लेखू नये, कारण मोठ्या प्रस्तावाआधी एकत्र काम केल्याचा पुरावा इथेच तयार होतो. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून १९८७ मध्ये स्थापन केलेले सेफिप्रा हे केंद्र दोन्ही देशांतल्या संशोधकांनी मिळून लिहिलेल्या प्रस्तावांना निधी देते. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राचा 'दोन अधिक दोन' हा नमुना प्रत्येक देशातून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग मागतो, त्यामुळे वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे संबंध आहेत त्यांनी तो अवश्य पाहावा. स्पार्क ही परदेशी संस्थांबरोबरच्या संयुक्त संशोधनासाठीची भारत सरकारची २०१८ ची योजना आयआयटी खरगपूरमार्फत चालवली गेली. तिच्यासाठी संस्थेचे मूल्यांकन विचारात घेतले जाई, म्हणून नॅकची (उच्च शिक्षण संस्थांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी ही केवळ प्राचार्यांची चिंता आहे असे संशोधकाने समजू नये.

युरोपीय संघाच्या होरायझन युरोपविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तिथे गैरसमज फार आहेत. २०२१ ते २०२७ या काळासाठी सुरुवातीला सुमारे ९,५५० कोटी युरो ठरवलेला हा कार्यक्रम जगातल्या सर्वांत मोठ्या संशोधन कार्यक्रमांपैकी एक आहे. त्याच्या सर्वसाधारण नियमांनुसार भारतीय संस्था अर्ज करणाऱ्या संस्थांच्या गटात सहभागी होऊ शकते, पण तिला आपोआप निधी मिळत नाही. विशिष्ट आवाहनासाठी, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीसाठी, भारतीय विभागांनी सहनिधी जाहीर केला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आवाहन वाचताना आधी तेवढेच शोधावे. व्यक्तींसाठीच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी शिष्यवृत्त्या मात्र कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या संशोधकाला खुल्या आहेत. पीएच.डी. झालेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांकडे गांभीर्याने पाहावे. आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ यजमान देशात राहिलेले नसावे, ही अट मराठवाड्यातच शिकलेल्या मुलामुलींच्या बाजूने जाते. मूल्यमापनात ५० टक्के भार शास्त्रीय गुणवत्तेला, ३० टक्के संशोधनातून पुढे होणाऱ्या परिणामाला आणि २० टक्के अंमलबजावणीला असतो. पहिल्या भागावर महिने घालवून शेवटचा भाग एका रात्रीत लिहिलेले अनेक चांगले अर्ज मी कमी पडताना पाहिले आहेत.

अंमलबजावणी म्हणजे काय, हे आपल्या कामातूनच सांगतो. आमचे युरोपीय सहकारी जुलै-ऑगस्टमध्ये रजेवर असतात आणि त्या काळात क्षेत्रकामासाठी येणे त्यांना सोयीचे वाटते. आपल्याकडे तेव्हा विहिरी भरत असतात. पातळी मोजायची ती मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. मे महिन्यात त्यांच्या परीक्षा असतात आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या. ही अडचण प्रस्तावात स्वतःहून मांडून तिची सोय लिहिणारा अर्जदार परीक्षकाला भरवशाचा वाटतो. खर्चाच्या तक्त्यातही असेच होते. तिकडचा प्राध्यापक स्वतःच्या वेळाचे मनुष्य-महिने मोजून पगाराचा भाग प्रकल्पाला लावतो, आणि होरायझनमध्ये अप्रत्यक्ष खर्चासाठी (वीज, जागा, कार्यालय यांसारख्या) सरसकट २५ टक्के मिळतात. आपल्या निधी संस्था कायम शिक्षकाचा पगार प्रकल्पातून देत नाहीत, म्हणून आपण आपल्या वेळापुढे शून्य लिहितो आणि वाचणाऱ्याला वाटते की हा भागीदार वेळच देणार नाही. रुपये शून्य असले तरी महिने लिहिलेच पाहिजेत.

यापुढचा भाग कार्यालयीन आहे, आणि तो सांगताना मला आजही वाईट वाटते. मी पूर्वी एका संस्थेत असताना आमचा द्विपक्षीय प्रस्ताव पूर्ण तयार होता. परदेशी सहकाऱ्याने त्यांच्या देशातला अर्ज वेळेत भरला. आमचे संमतीपत्र आवक-जावक विभागातून पुढे गेले, टिपणी झाली, फाइल सहीसाठी ठेवली गेली आणि दिवाळीची सुट्टी लागली. अशा योजनांत दोन्ही देशांत अर्ज दाखल झाला नाही तर एका बाजूचा अर्ज विचारात घेतला जात नाही. त्यांच्या सहा महिन्यांच्या मेहनतीचे काय झाले हे त्या सहकाऱ्याला पत्राने कळवताना मला शब्द सापडत नव्हते. त्यानंतर मी एक नियम पाळतो: आवाहन निघाले त्याच आठवड्यात अधिकृत स्वाक्षरी कोणाची चालते हे विचारायचे, पत्राचा मसुदा स्वतः तयार करून द्यायचा, आणि अंतिम मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी सही हातात घ्यायची. कुलसचिव कार्यालयातली माणसे आपल्या विरोधात नसतात. त्यांच्यापुढे कागद उशिरा आणि अपुरा जातो.

पैसे प्रत्यक्ष परदेशातून येणार असतील तर २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा लागू होतो का, हे वित्त अधिकाऱ्यांना अर्जाआधी विचारावे. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ आणि विश्वस्त संस्थेचे महाविद्यालय यांची स्थिती यात सारखी नसते. मातीतले सूक्ष्मजीव, बियाणे किंवा वनस्पतींचे नमुने बाहेर पाठवायचे असतील, तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण यांच्याकडे पाहावे लागते. मानवी आरोग्याच्या परदेशी सहकार्याच्या प्रकल्पांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. परवानगीला लागणारे महिने वेळापत्रकात धरलेले नसले, तर पहिले वर्ष त्यातच जाते.

नमुने आणि विदा (डेटा) यांविषयी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. विदा कोठे राहील, शोधनिबंधावर नावे कोणत्या क्रमाने येतील, आपल्या विद्यार्थ्याला तिकडच्या उपकरणावर स्वतः काम करता येईल की नाही, हे प्रेमाचे संबंध आहेत म्हणून तोंडी ठेवू नये. असे विचारले तर समोरचा दुखावेल ही भीती आपल्याकडे फार आहे. माझा अनुभव उलट आहे. ज्या दिवशी मी हे लेखी मागितले, त्या दिवसापासून तिकडच्या पत्रांतला सूर बदलला आणि प्रस्तावाचे मसुदे माझ्याकडे माहितीसाठी येण्याऐवजी दुरुस्तीसाठी येऊ लागले.

सहकारी शोधण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ज्यांचे निबंध आपण खरोखर वाचले आहेत, त्यांनाच लिहावे. पत्र एका पानाचे असावे, त्यात त्यांच्या एखाद्या निष्कर्षावर आपल्या नोंदींवरून काय वाटते ते असावे, आणि पहिल्याच पत्रात निधीचा उल्लेख नसावा. आवाहन निघाल्यावर सुरू झालेली ओळख मुदतीपर्यंत प्रस्ताव पेलण्याइतकी घट्ट होत नाही.

नकार आला की अभिप्राय दोन दिवस बाजूला ठेवावा आणि मग परदेशी सहकाऱ्याबरोबर ओळ-ओळ वाचावा. काही योजनांत ठरावीक मर्यादेपेक्षा कमी गुण मिळाले तर पुढच्या वर्षी तोच अर्ज करता येत नाही, तेही आधी पाहावे. आमच्या दुसऱ्या प्रस्तावात आम्ही हवामानबदलावरची दोन पाने काढून टाकली आणि त्या जागी एक आकृती घातली. गेवराई तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीचे आडवे बोअर कसे गेले आहेत हे काठीने जमिनीवर रेखून दाखवले होते, ते माझ्या विद्यार्थिनीने वहीत उतरवून घेतले होते, आणि तेच आम्ही मोजमापांसह आकृती १ म्हणून दिले. तो प्रस्ताव मंजूर झाला. नामंजूर झालेला पहिला आणि मंजूर झालेला दुसरा, असे दोन्ही प्रस्ताव परीक्षकांच्या अभिप्रायांसह मी विभागाच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी ते शेजारी ठेवून वाचावेत, आणि काही विचारायचे असेल तर दर शनिवारी दुपारी मी विभागात असतो.