माहीत असूनही न कळवणे

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा शिक्षेवर येऊन थांबते. किती वर्षे, जन्मठेप की फाशी, एवढेच आपण विचारतो. त्याच कायद्यातील ज्या कलमाचा संबंध गुन्हेगारापेक्षा तुमच्या-माझ्याशी अधिक आहे, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

आपण ज्याला पोक्सो म्हणतो तो ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012’ हा कायदा 14 नोव्हेंबर 2012 रोजी अमलात आला. त्यापूर्वी अशा गुन्ह्यांसाठी मुख्यतः भारतीय दंड संहितेतील बलात्कार, विनयभंग आणि अनैसर्गिक संभोग यांची कलमे लावली जात, आणि बलात्काराच्या व्याख्येत मुलगा बसतच नसे. पोक्सोने 18 वर्षांखालील प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, बालक मानले, आणि पोलीस, शिक्षण संस्थेतील वा रुग्णालयातील कर्मचारी, नातेवाईक अशा ज्यांच्यावर मूल विश्वास टाकते त्यांनी केलेला अपराध अधिक गंभीर ठरवला. 2019 च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या. पण शिक्षा होण्यासाठी आधी गुन्हा पोलिसांपर्यंत पोहोचावा लागतो, आणि तो तिथवर पोहोचावा यासाठी कलम 19 आहे.

हे कलम सांगते की असा अपराध घडल्याची माहिती ज्याला आहे, किंवा तो घडण्याची शक्यता आहे अशी भीती ज्याला वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने ती गोष्ट स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवली पाहिजे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ या शब्दांत आई-वडील, काका-मामा, शेजारी, वर्गशिक्षिका, रिक्षावाले काका, डॉक्टर असे सगळेच येतात. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर कैद एक वर्षापर्यंत जाते. मुलाने स्वतः गप्प राहण्याबद्दल मात्र त्याला शिक्षा नाही. भीतीने, लाजेने किंवा धमकीने मिटलेल्या तोंडाचा दोष कायदा मुलाच्या माथी मारत नाही, हे मला या कायद्यातील सर्वांत समंजस वाक्य वाटते.

कळवण्याची अशी सक्ती आपल्याकडे पोक्सोच्याही आधीपासून आहे, ती गोव्यात. 1991 मध्ये मडगाव येथे अनाथ मुलांसाठी म्हणून चालवल्या जाणाऱ्या एका घरात मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याचे उघडकीस आले. तेथे मुलांची असंख्य छायाचित्रे सापडली, आणि चालकाला 1996 मध्ये जन्मठेप झाली. पुढे 2003 साली गोव्याने स्वतःचा बाल अधिनियम केला. त्यात छायाचित्रे धुऊन देणाऱ्यांवर असे बंधन आले की मुलांचे अश्लील चित्रण असलेली फिल्म हाती पडली तर पोलिसांना कळवायचे. फिल्म धुणाऱ्याने ते चित्र काढलेले नसते आणि त्या मुलालाही तो ओळखत नसतो, पण त्याने ते पाहिलेले असते, आणि पाहिल्यानंतर त्याला गप्प बसता येत नाही.

आपल्याकडील गप्प बसण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. ‘घरातले घरात मिटवू’, ‘पोरीचे पुढे लग्न व्हायचे आहे’, ‘शाळेचे नाव खराब होईल’, ‘आधी आम्हाला चौकशी करू द्या’. यातील शेवटचे कारण सर्वांत सभ्य दिसते, म्हणून ते मला अधिक घातक वाटते. कळवणाऱ्याने खरे-खोटे करावे किंवा पुरावा गोळा करावा असे कायदा कुठेही म्हणत नाही. ते काम तपास अधिकाऱ्याचे आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही कळवले नाही या आरोपावरून उपचार करणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, परंतु 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध असल्याचे नमूद केले. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्यांच्या प्रकरणात कारवाईला झालेल्या विलंबामुळे लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातील पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला.

या सक्तीची एक अडचणीची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. 16-17 वर्षांची मुलगी स्वतःच्या संमतीच्या संबंधातून गरोदर राहिली, तरी कायद्याच्या दृष्टीने ते पोक्सोचेच प्रकरण ठरते, आणि पोलिसांत नाव जाईल या धास्तीने ती डॉक्टरकडे जाण्याचेच टाळते. म्हणूनच सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण मुलीला उपचारापासून दूर ठेवणारी सक्ती तिचे रक्षण करू शकत नाही.

कळवल्यानंतर मुलाचे काय होईल, ही भीती पालकांना सर्वांत जास्त छळते. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, तोही शक्यतो फौजदार किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. त्या वेळी आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते, आणि संपूर्ण खटल्यात सोबत राहील अशी साहाय्यक व्यक्ती समिती देऊ शकते. न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाहीत, ते प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात. साक्ष देताना मुलाच्या नजरेसमोर आरोपी येणार नाही, याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते. प्रत्यक्षात यातील काही नियम पाळले जात नाहीत, खटले वर्षाच्या मुदतीत संपत नाहीत, हे खरे आहे. पण हे नियम म्हणजे मुलाचे हक्क आहेत, आणि ते माहीत असलेला पालक पोलीस ठाण्यात ते मागू शकतो.

ठाण्यात जाण्याचे धैर्य होत नसेल, तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस सुरू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मूल स्वतःही तो लावू शकते. आज घरी गेल्यावर तो मुलांकडून पाठ करून घ्या. नमस्कार.